एडक्यानं पारखलेलं रीळ

भिलवडीच्या पेठेत, पिठाच्या गिरणीला चिकटून, हातपाय आखडून बसल्यासारखं एक दुकान होतं. वर पत्र्याची पाटी होती : ज्योतिबा मिस्त्री, स्टो, गॅसबत्ती व शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल. पाटीवर नाव ज्योतिबाचं. पुढं पोत्यावर बसायचा ज्योतिबा, गिऱ्हाइकाबरोबर पान खायचा ज्योतिबा. आणि मागं गोणपाटाच्या पडद्याआड बसून काम करायची बनाबाई. हे शेवटचं पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि गावात कुणाला ठाऊकही नव्हतं.

पहिल्यापासून असं नव्हतं, हां. ज्योतिबा खरोखरीचा मिस्त्री. माणूस जतकडचा, धनगराच्या घरातला, पण ह्याचं मन मेंढरांत कधी रमलं नाही. जतच्या बाजारात एक म्हातारा बत्त्या दुरुस्त करायचा, त्याच्यापुढं हा लहानपणी दिवसदिवस उकिडवा बसायचा. बाप ह्याला शोधायचा आणि तोवर मेंढरं बापाला. शेवटी बापानं नाद सोडला. पुढं लाकडी पेटी पाठीला लावून ज्योतिबा बाजार फिरायला लागला, जत, आटपाडी, म्हसवड. बनाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं मेंढरं तिच्या हवाली केली. नवरा पेटीमागं, बायको मेंढरांमागं. दोघांची गाठ पडायची ती जत्रेला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि पेटी तेवढी राहिली. ती घेऊन दोघं नदीकाठाला आली आणि इथंच रुजली. नदीकाठचे लोक उसावाले. घरोघर स्टो, लग्नाकार्याला बत्त्या. कामाला तोटा नव्हता.

मग ज्योतिबाच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं. आधी स्टोच्या पिनीचं टोक दिसेना, मग पीन दिसेना, मग स्टोही अंदाजानंच. बनाबाई शेजारी बसून आधी पीन घालून द्यायची, मग पंपाचं वायसर बसवून द्यायची, मग हळूहळू सगळंच करायला लागली. दोघांनी बसून असं काही ठरवलं नव्हतं. एक दिवस पडदा लागला, इतकंच.

पण ज्योतिबा नुसता शोभेला होता असं समजू नका. त्याचा कान म्हणजे कान होता. स्टो कानाशी धरून दोनदा हलवायचा, पंपाचा दांडा एकदा ओढायचा, की सांगायचा, "वायसर वाळलंय, आन बर्नरमदी काजळी हाय." आतून बनाबाई उघडून बघायची तर तेच. तो ऐकायचा, ती करायची. दोघांचा मिळून एक मिस्त्री व्हायचा, आणि तो चांगला मिस्त्री होता.

लपवायचं कारण साधं होतं. स्टो म्हणजे काही चप्पल नव्हे. दुरुस्ती चुकली तर भडकतो. मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या दुकानातला स्टो कोणती बाई आपल्या स्वयंपाकघरात पेटवणार? आणि बाईमाणसानं दुरुस्त केलेला? स्टेशनाजवळ नानासोचं, काचेची कपाटं लावलेलं दुरुस्तीचं दुकान होतंच. नुसतं कळायचा अवकाश, सगळं गिऱ्हाईक तिकडं वळलं असतं, आणि ह्या दोघांना उतारवयात पुन्हा पेटी पाठीला लावून बाजार धुंडाळावे लागले असते. म्हणून पडदा. म्हणून बनाबाई खोकला आला तरी पदर तोंडात धरायची.

अशात सत्त्याहत्तर साली, दिवाळी उरकल्यावर, एका सकाळी लालासाहेब सुभेदार सायकलवरून आले. पलटणीतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सायकलवरून उतरायचे ते अजून परेड असल्यागत. नदीकाठाला त्यांचा उसाचा मळा होता. त्यांनी पायाला गुंडाळायच्या जुन्या खाकी पट्टीतून एक वस्तू सोडवली आणि ज्योतिबाच्या हातात ठेवली.

"मिस्त्री, ओळखा बघू."

ज्योतिबानं वस्तूवरून हात फिरवला. नारळाएवढी, जड, दोन बाजूंना गुळगुळीत चकत्या, मधे पोकळ, एका अंगाला मूठ. "शिलाई मशीन न्हवं," तो म्हणाला. "पिठाची गिरणी म्हणावं तर लय बारकी. पोरींच्या भातुकलीतली हाय का काय?"

"मासं धरायचं रीळ हाय, मिस्त्री. नदीतलं न्हवं, समुद्रातलं. बसऱ्याला आमचा गोरा मेजर ह्याच्यावर माणसाएवढं मासं वडायचा. सत्तेचाळीसला जाताना माझ्या हातात दिलं. म्हणाला, लाला, तुझ्या गावाला नदी हाय न्हवं, घे. तवापास्नं कणगीत पडलंय."

"आन आज कशी आठवण झाली?"

"मळ्याखालच्या डोहात शिवडा हाय एक. केरबा भोयाची तीन जाळी फाडली त्यानं. केरबा म्हणतो, ह्या माशाला आता पलटणच बोलवा. मी म्हटलं, पलटण घरातच हाय की. तर सगळी हसत्यात. आमच्या मंडळी म्हणत्यात, आधी रीळ कणगीतनं भाईर काढा, मासा मग पाण्यातनं काढा."

ज्योतिबा हसला. पडद्याआड बनाबाईही हसली, आवाज न करता.

"नानासोकडं नेलतं," सुभेदार म्हणाले. "त्यानं हातुडा उचलला, मी रीळ उचललं, आन हिकडं आलो. मला दोनच गोष्टी सांगा. ह्यात जीव हाय का न्हाई? नसंल तर तोंडावर सांगा, राग न्हाई. आसंल तर उघडून नीट करा. पर उघडायचं ते माझ्यासमोर. उघडल्यालं हत्यार मी कवा नजरेआड हू दिलं न्हाई, हे रीळबी देणार न्हाई."

बनाबाईच्या हातातला चिमटा थांबला. आता हे म्हणतील, जमायचं न्हाई, मशीन आमच्यातलं न्हवं. एवढं म्हटलं की झालं.

पण ज्योतिबाच्या हातात नवं मशीन होतं. तो ते कानाशी धरून, नखानं चकतीवर टिचक्या मारत होता. त्याच्या तोंडावर जत्रेतल्या पोराचा आनंद होता.

"आज ठिवून जावा," तो म्हणाला. "पारख करून ठेवतो. उघडणार न्हाई. उद्या सकाळी या, तुमच्याम्होरंच उघडू."

सुभेदारांची सायकल गिरणीपलीकडं गेली तशी बनाबाई पडदा सारून बाहेर आली.

"उघडू म्हणं. कोण उघडणार हाय?"

"तू."

"आन सुभेदार काय डोळं झाकून बसणार हायत?"

"आगं, हात लावून बघ तरी. आसलं मशीन जतला न्हाई, सांगलीला न्हाई."

"मशीन ऱ्हाऊ दे. उद्या पेठंत तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का त्ये सांगा."

ज्योतिबानं रीळ तिच्यापुढं धरलं. ती रागात होती, पण हात काही रागात नव्हते. ते पुढं झाले.

मग दोघांनी मिळून पारख केली. बनाबाईनं ते दारातल्या उजेडात धरलं. दोन्ही अंगांच्या चकत्या काळ्याभोर, गाण्याच्या तबकडीच्या जातीच्या. त्यांना कडेनं पांढऱ्या धातूची पट्टी. पट्टीवर हिरवट थर धरला होता, पण गंज कुठं नव्हता. तिनं वास घेतला. खारट, आणि त्याच्याखाली जुन्या तेलाचा. मग तिनं स्क्रू बघितले, एकेक करून. सगळ्या स्क्रूंच्या खाचा सरळ, कोऱ्या.

"एका बी स्क्रूचं तोंड बिघडल्यालं न्हाई," ती म्हणाली. "म्हंजे ह्याच्या पोटात आजवर अडाणी हात गेला न्हाई."

"चकतीला तडा?"

"दिसत न्हाई."

"आवाजातबी न्हाई. तडा असता तर बद्द वाजली असती. दांडा वाकडा?"

तिनं मधलं रीळ दोन बोटांत धरून हलवलं. ते जागच्या जागी घट्ट होतं, पण कुठं एका अंगाला झुकलेलं नव्हतं. "सरळ हाय. वंगण वाळून गुळाची ढेप झालीया, तेवढंच. जीव हाय ह्यात."

मुठीखाली एक पाच टोकांचं, चांदणीसारखं चाक होतं. ते कशाला हे दोघांनाही उमगलं नाही. ज्योतिबा म्हणाला, सायबाची हौस असंल. बनाबाईला ते पटलं नाही, कारण हौसेची वस्तू इतकी घासलेली नसते. पण तिनं ते तिथंच सोडलं. तिला उद्याची काळजी होती.

उद्याचा बेत असा ठरला की ज्योतिबानं रीळ मांडीवर घेऊन बसायचं आणि बनाबाईनं शेजारी पुसायचं फडकं घेऊन बसायचं. पुसायच्या नावाखाली काय करायचं ते तिनं करायचं. रात्रभर स्क्रूंच्या मुळाशी रॉकेलचे थेंब सोडून ठेवले. तेवढं उघडणं नव्हे, असं ज्योतिबाचं म्हणणं.

सकाळी सुभेदार आले ते पाट मागून घेऊन समोरच बसले, गुडघ्यावर हात ठेवून. ज्योतिबानं रीळ मांडीवर घेतलं, बोटानं स्क्रू चाचपला, स्क्रू ड्रायव्हर लावला. पहिला स्क्रू त्यानंच काढला, आणि चांगला काढला. दुसऱ्याला अवजार खाचेतून निसटलं.

"थांबा, आधी रॉकेल पुसती," बनाबाई म्हणाली, आणि पुसता पुसता फिरवून स्क्रू हातात घेतला. तिसऱ्यालाही तसंच. चौथ्याला सुभेदार म्हणाले, "बाईंचा पुसायचा हात भारी हाय."

"सवय हाय," ती म्हणाली. खाली बघत.

काढलेला एकेक भाग ती लोकरीच्या धाग्यात ओवत गेली. तिला लिहिता यायचं नाही, मग कोणता भाग आधी आणि कोणता नंतर हे लक्षात ठेवायची तिची ही रीत. जसं निघेल तसं ओवायचं, उलटी बाजू आली की गाठ मारायची. परत बसवताना माळ उलटीकडून सोडवायची. सुभेदार त्या माळेकडं बघत राहिले. म्हणाले, "आमच्या कोतात, हत्यारखान्यात, बंदूक खोलायचो तवा चादरीवर रांगेनं मांडायचो. त्यातबी एकादी स्प्रिंग चुकायचीच. हे बरं हाय."

आत दोन दातेरी चाकं होती, एक पितळी मोठं आणि एक बारकं. एक दात तुटलेला नाही की झिजलेला नाही. वंगण काकवीसारखं घट्ट. ते रॉकेलनं धुतलं, बारक्या काडीला चिंधी लावून दातादातातनं काढलं. मोठ्या चाकाच्या पोटात मात्र पत्र्याच्या चकत्या आणि त्यांच्या मधे मधे काहीतरी होतं, ते हात लावताच भुगा झालं.

"कातडं हाय," बनाबाई बोलून गेली. मग लगेच, "न्हाई का वो?"

"कातडंच," ज्योतिबा म्हणाला. "पंपाच्या वायसरागत. दुसरं घालाय पायजे. पर दुकानातलं कातडं पातळ हाय. तेल पिल्यालं, दणकट पायजे."

सुभेदार उठले, सायकलवर टांग मारून मळ्यात गेले आणि तासाभरात जुन्या मोटेचा एक तुकडा घेऊन आले. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट गोठ्यात टांगून होती. वर्षानुवर्षं पाण्यात आणि एरंडेलात मुरलेलं कातडं, अजून मऊ. बनाबाईनं पत्र्याच्या चकत्या त्यावर ठेवून खिळ्यानं रेघ ओढली आणि वाकड्या कात्रीनं तशाच चकत्या कापल्या. आता पुसायचं नाव घ्यायचं तिच्याही ध्यानात राहिलं नव्हतं, पण सुभेदार बिडी पेटवत होते. त्यांनी बघितलं की नाही कळलं नाही.

माळ सोडवत सोडवत सगळं परत बसलं. मूठ फिरवली तर रीळ असं फिरलं की सुभेदारांची बिडी तोंडातच राहिली. केरबानं दिलेला नायलॉनचा जाड दोर त्यावर गुंडाळला. बनाबाईनं दोराचं टोक ओढून बघितलं. रीळ आतून सर्र आवाज करत हळूच उलटं फिरलं.

ज्योतिबानं कान टवकारला. "निसटतंय. वायसर ढिलं हाय."

"मला बी तसंच वाटतंय."

"पंपाचं वायसर असं निसटलं तर स्टो पेटंल का? आणिक एक कातडं घाल आत."

तिनं पुन्हा उघडून आणखी एक चकती घातली. चांदणीनं आतल्या चकत्या दाबल्या जातात एवढं आता दिसलं होतं, म्हणून तीही पार आवळली. आता दोर ओढला तर रीळ दगडासारखं. दोघंही समाधानी झाले. स्टोचा मिस्त्री कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. गळती आणि निसटणं हेच त्याचे जन्माचे वैरी.

"माशाआधी दुसऱ्या कशावर तरी वढून बघू," सुभेदार म्हणाले. "चला मळ्यात. मिस्त्री, तुमी बी. बाई, तुमी पुसायला या."

मळ्यात तोडलेल्या उसाच्या रानात त्या वेळी मेंढरं बसवली होती. ती बनाबाईच्या भावाची, भाऊसोची. दरसाल दिवाळी झाली की तो कळप घेऊन पश्चिमेला उतरायचा आणि सुभेदारांच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायचा. त्याच्याकडं एक भुंडा एडका होता, वासराएवढा.

"दाजी, एडक्याला मासा करताय व्हय?" भाऊसो म्हणाला, पण त्यानं एडक्याच्या गळ्याला रिळाचा दोर बांधला.

सुभेदारांनी रीळ एका जाड कळकाच्या काठीला पक्कं बांधलं होतं. ते बांधावर पाय रोवून बसले. विहिरीवरून त्यांच्या बायको, विजयमालाबाई, चहाची किटली घेऊन येत होत्या, त्या मधेच थांबून बघायला लागल्या. भाऊसोनं एडक्याला मोकळं केलं आणि पलीकडून मेंढरांना हाळी दिली.

एडका उधळला. दोर ताणला. रीळ जागचं हललं नाही. कळकाचा शेंडा कडाडून मोडला, सुभेदार बांधावरून ओल्या सरीत तोंडावर आले, आणि दोर ताडकन तुटून एडका तसाच गेला.

"पलटण पडली वाटतं," विजयमालाबाई किटली न ठेवता म्हणाल्या.

सुभेदार उठले. मिशीला चिखल होता. त्यांनी काठी उचलली, रीळ ज्योतिबापुढं धरलं. "बघा की, मिस्त्री, काय झालं ते."

ज्योतिबानं हात पुढं केला. पण दुकानात त्याला प्रत्येक वस्तूची जागा माहीत असायची. इथं उघडं रान होतं. त्याचा हात रिळापासून वीतभर डावीकडं जाऊन थांबला.

सुभेदारांनी रीळ जरा उजवीकडं नेलं. हात तिथंच राहिला. मग त्यांनी आपला तळहात ज्योतिबाच्या तोंडापुढून फिरवला. ज्योतिबाची पापणी लवली नाही. भाऊसो खाली बघायला लागला. विजयमालाबाईंनी किटली खाली ठेवली.

तीन वर्षं बनाबाई ज्याला भीत होती तेच समोर आलं होतं, भर दुपारी, चार माणसांत. आता रडावं की हात जोडावेत? तिनं दोन्ही केलं नाही. रीळ तेवढं बिघडलेलं होतं आणि ते तिनं बिघडवलं होतं.

"हिकडं द्या," ती म्हणाली. सुभेदारांच्या हातातून तिनं काठी घेतली, बांधावर बसली, कनवटीचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि उघडायला लागली. पुसायचं फडकं दुकानातच राहिलं होतं.

उघडता उघडता तिची नजर भाऊसोकडं गेली. त्यानं एडक्याला गाठलं होतं. एडका अजून हिसडे देत होता. भाऊसोनं दोर बाभळीच्या बुंध्याला एक वेढा देऊन हातात धरला होता. एडका ओढायचा, तेव्हा भाऊसो हाताची पकड सैल करून दोर बुंध्यावरून घसरू द्यायचा. एडका थांबला की गोळा करायचा.

"भाऊसो, सोडतोस कशाला?"

"आक्का, इसरलीस व्हय? एकदम धरला तर दोर तुटतो, न्हाईतर जनावराची मान मोडती. पळू द्यायचा. पर फुकट पळू द्यायचा न्हाई."

बनाबाईचा हात त्या चांदणीवर होता. तिनं ती सोडली, आवळली, पुन्हा सोडली. घासून गुळगुळीत झालेली पाच टोकं. गोऱ्या साहेबाचा अंगठा तिथंच फिरत असणार, मासा ओढेल तसा सोडत आणि आवळत, भाऊसोच्या पंजासारखा.

"आवं," ती ज्योतिबाला म्हणाली, "त्ये निसटणं म्हंजे बिघाड न्हवता. त्ये निसटायसाठीच केलंय."

ज्योतिबा म्हणाला, "माझ्या कानानं फशीवलं की."

"कान बराबर हुता. निसटत हुतंच की. निसटू नये ह्ये आपुन ठरीवलं."

तिनं जास्तीची चकती काढून टाकली, उरलेल्या कातड्यांना विजयमालाबाईंनी आणलेलं एरंडेल चोळलं, झाकण बसवलं. सुभेदारांनी दुसरा कळक आणला. एडक्याला पुन्हा मासा केला. ह्या वेळी एडका धावला तसं रीळ भुंग्यासारखं घुमत उलटं फिरलं, दोर सुटत गेला. बनाबाई शेजारी बसून म्हणत होती, "आवळा जरा. आणिक. बास. आता सोडा." सुभेदारांचा अंगठा चांदणीवर. एडका पळाला, रेटला, दमला, आणि मान खाली घालून उभा राहिला. सुभेदारांनी मूठ फिरवत त्याला बांधापर्यंत आणला. एडक्याच्या तोंडावर एवढा अपमान होता की भाऊसोनं त्याला भाकरीचा तुकडा दिला.

चहा पिताना सुभेदारांनी विचारलं, "कवापास्नं?"

"तीन वर्सं झाली आसतील," ज्योतिबा म्हणाला.

"म्हंजे आमचा स्टो, हिची मशीन, देवळातली बत्ती..."

"समदं तिनंच. मी ऐकून सांगतो, एवढंच."

सुभेदारांनी बशीतला चहा संपवला. "आमच्या तोफखान्यात," ते म्हणाले, "तोफ डागणाऱ्याला गोळा कुटं पडतो त्ये दिसत न्हाई. टेकडीवर दुसरा बसतो, त्यो सांगतो, डावीकडं, उजवीकडं. दोगांचं मिळून काम चालतं. कुणी त्याला लबाडी म्हणत न्हाई. पर पडदा लावून बसायचं न्हाई, मिस्त्री. पडदा लावला की लबाडी हुती."

आणि मग विजयमालाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी त्या अंधारात पीन कशी काय घालत हुता वो? मला तर सुईत दोरा ववाय अंगणात जावं लागतं."

सुभेदार चांगला माणूस, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. दिवस मावळायच्या आत एडक्याची गोष्ट गिरणीत, एसटी स्टँडवर आणि केरबाच्या नावेत पोचली. आणि गोष्ट सांगायची म्हणजे ज्योतिबाच्या डोळ्यांशिवाय आणि बनाबाईच्या हाताशिवाय सांगता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानात कुणी फिरकलं नाही. ज्योतिबा पोत्यावर पाठ फिरवून बसला. बनाबाईनं झाडलोट केली, मग पुन्हा झाडलोट केली. दहाच्या सुमाराला पेठेतली शालूबाई आली. हातात स्टो नव्हता, नुसतीच आली, उंबऱ्यावर बसली.

"खरं हाय व्हय गं?"

"खरं हाय."

"माझा स्टो गेल्या वर्सी तूच केलतास?"

"व्हय."

शालूबाई म्हणाली, "आगं मग मला आधी सांगायचं न्हाई का. ह्यांच्याफुडं आमाला धड बोलाय येत न्हाई. स्टो भाताला कसा वागतो, भाकरीला कसा वागतो, ह्ये गडीमाणसाला काय सांगायचं?" आणि ती घरी जाऊन स्टो घेऊन आली. वाटेत दोघीतिघींना सांगून आली.

सगळंच गिऱ्हाईक राहिलं असं म्हणणं खोटं ठरेल. पाचसहा घरं नानासोकडं गेली, त्यातली दोन संक्रांतीपर्यंत परत आली. पण बायका यायला लागल्या त्या आधीपेक्षा जास्त. बनाबाईनं पडदा काढून त्याची पोती केली आणि दारात, उजेडात बसायला लागली. खोकला आला तर खुशाल खोकली.

ज्योतिबा मात्र चार दिवस कुढत होता. पाचव्या दिवशी सुभेदार सायकलवरून आले. डोहावर दोनदा बसून आले होते. मासा लागला होता, घटकाभर पळाला होता, शेवटी गळ सोडवून गेला. "गेला, पर दोर तुटला न्हाई," ते म्हणाले, आणि त्यात त्यांना एवढा आनंद होता की पकडला असता तरी इतका झाला नसता. मग ते ज्योतिबासमोर बसले. "मिरजेला डोळं करत्यात, मिस्त्री. साय काढत्यात वरली. आमच्या थोरल्या वयनीचं केलं. आजवर तुमी का गेला न्हाई?"

ज्योतिबा म्हणाला, "गेलो आसतो तर गावाला कळलं नसतं का, कशाला गेलो त्ये."

"आन आता?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? ज्योतिबानं बनाबाईकडं तोंड केलं, म्हणजे तिचा आवाज जिथून यायचा तिकडं. ती स्टोचं बर्नर खरवडत होती. "जावा," ती म्हणाली. "पंदरा दिस मी बघती दुकान. तुमची कुरकुर तेवढी ऐकाय मिळायची न्हाई."

मिरजेला जायच्या दिवशी सुभेदारांनी त्याला एसटीत खिडकीजवळ बसवलं. बनाबाई खाली उभी होती, भाकरीचं गाठोडं वर देऊन झालं होतं. गाडी सुटायला आली तेवढ्यात अंकलखोपचा एक पाव्हणा हातात बत्ती घेऊन स्टँडवर विचारत आला, इथं ज्योतिबा मिस्त्रीचं दुकान कुठं आहे.

बत्तीच्या काचेचा खुळखुळ खिडकीपाशी आला तशी ज्योतिबानं मान बाहेर काढली. "मीच ज्योतिबा मिस्त्री. काच ढिली हाय, आन पंपाचं वायसर वाळलंय. ही तुमच्या शेजारी हुबी हाय ना, हिच्याकडं द्या. हीच करती."

पाव्हण्यानं बनाबाईकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्या करत्यात?"

"चांगलं करती," ज्योतिबा म्हणाला. गाडी हलली. जाता जाता त्यानं आणखी एक घातलंच. "निम्मं मी शिकीवलंय."

"निम्मं न्हाई," बनाबाई पाव्हण्याला म्हणाली, "पाव." आणि बत्ती घेऊन ती पेठेकडं वळली.